जुन्या विमानाच्या नाकावरची टोपी: योग्य स्पिनर कसा शोधायचा?

मला जुन्या विमानांचा नाद आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. आजचा विषय विमानाच्या अगदी टोकावरचा आहे. प्रोपेलरच्या मधोमध जी टोकदार, चकचकीत टोपी दिसते ना, तिला स्पिनर म्हणतात.

अमेरिकेतल्या माझ्या एका मित्राने १९४६ सालची सेसना १४० घेतली आहे. दोन सीटची, शेपटीखाली छोटं चाक असलेली आणि पंखांवर कापड ताणलेली. विमान मस्त आहे, पण नाकावर स्पिनर नाही. त्याने एका जुन्या स्पिनरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "हा बसेल का रे?" मी म्हटलं, फोटो बघून सांगता येणार नाही. का, तेच आज सांगतो.

आधी एक हिशेब करू. या विमानाचं मूळ इंजिन म्हणजे काँटिनेंटल सी-८५. ते ८५ हॉर्सपॉवर देतं, मिनिटाला २५७५ फेऱ्यांवर. म्हणजे सेकंदाला जवळपास ४३ फेऱ्या! आता समजा, स्पिनर एका बाजूला फक्त १० ग्रॅमने जड आहे आणि ते वजन मध्यापासून १२ सेंटीमीटरवर आहे. पूर्ण वेगात ते १० ग्रॅम सुमारे ९ किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ प्रत्येक फेरीत दिशा बदलते. यालाच आपण थरथर म्हणतो. पातळ पत्र्याला तडे जातात ते याच थरथरीने. तडा वाढला की तुकडा उडतो, आणि तो कुठे जाऊन आदळेल ते कुणाच्याच हातात नसतं. म्हणून ही टोपी नुसती शोभेची समजू नका.

मग शोध कुठून सुरू करायचा? दुकानातून नाही, कागदापासून. प्रत्येक विमानाची एक टाइप सर्टिफिकेट डेटा शीट असते. सेसना १२० आणि १४० साठी तिचा नंबर ए-७६८. अमेरिकेच्या एफएए या संस्थेच्या साइटवर ती फुकट वाचता येते. कुठलं इंजिन आणि कुठला प्रोपेलर मंजूर आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. सोबत विमानाची उपकरणांची यादी आणि लॉगबुक उघडायचं. स्पिनर सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे तिथून ठरतं. ऐच्छिक असेल तर तो नसतानाही विमान उडू शकतं, फक्त वजनाच्या नोंदी त्याप्रमाणे असायला हव्यात. घाई करायची गरज नाही, हे कळलं तरी निम्मं टेन्शन जातं.

दुसरी पायरी, इंजिनचा शाफ्ट. सी-८५-१२ या इंजिनचा शाफ्ट पुढे निमुळता होत जातो आणि त्यावर स्टीलचा वेगळा हब चढतो. सी-८५-१२एफ मध्ये मात्र शाफ्टच्या टोकालाच सपाट चकती असते, तिला फ्लँज म्हणतात. नावात फरक एका अक्षराचा, पण स्पिनर धरून ठेवणाऱ्या मागच्या प्लेटची सगळी मापं बदलतात. शिवाय इतक्या वर्षांत इंजिनंही बदललेली असतात. काही सेसनांत नंतर १०० हॉर्सपॉवरचं ओ-२०० बसवलंय. त्यामुळे पुस्तकात काय लिहिलंय यावर थांबू नका, प्रत्यक्ष इंजिनवरची पाटी वाचा.

तिसरी पायरी, प्रोपेलर लाकडी की धातूचा? लाकडी प्रोपेलर मध्यभागी जाड असतो, धातूचा बराच पातळ. स्पिनरला पात्यांसाठी ज्या खाचा कापलेल्या असतात, त्या त्याच प्रोपेलरच्या हव्यात. खाचेची कड पात्याला अजिबात टेकता कामा नये. धातूच्या पात्यावर घासून बारीक ओरखडा पडला, तर तिथूनच पुढे तडा सुरू होऊ शकतो. टोपी वाचवायच्या नादात प्रोपेलर गमवायचा, हा उलटा व्यवहार झाला!

आता सेकंडहँड माल. उन्हात धरून स्क्रूच्या भोकांभोवती आणि खाचांच्या कोपऱ्यांत बघा, तडे बहुतेक तिथेच सापडतात. जाड रंग किंवा पुट्टी दिसली तर सावध व्हा, खाली पोचा लपलेला असू शकतो आणि पुट्टीचं वजन एकाच बाजूला पडतं. आणि नुसती टोपी घेऊ नका. मागची प्लेट, असेल तर पुढचा आधार, स्क्रू आणि पार्ट नंबर असा पूर्ण सेट मागा.

मूळ भाग मिळालाच नाही तर? दोन सरळ रस्ते आहेत. एक, दुसऱ्या कुणी एसटीसी, म्हणजे पूरक मंजुरी घेऊन बनवलेला स्पिनर. पण त्या मंजुरीत तुमचं मॉडेल आणि तुमचा प्रोपेलर आहे का, ते तपासा. दोन, अमेरिकी नियम २१.९ नुसार मालक स्वतःच्या विमानासाठी भाग बनवून घेऊ शकतो. मात्र नुसते पैसे देऊन भागत नाही. भागाची रचना, साहित्य किंवा दर्जाची तपासणी यात मालकाचा स्वतःचा सहभाग लागतो. शेवटी मेकॅनिकची सही हवीच.

बसवल्यावर एक साधी तपासणी होते. टोकासमोर एक स्थिर काडी उभी करायची आणि मेकॅनिकला प्रोपेलर हाताने हळू फिरवायला सांगायचं. टोक काडीपासून जवळ-लांब होत असेल, तर स्पिनर वाकडा बसलाय. पण मंडळी, हे नीट ऐका: या इंजिनांत मॅग्नेटो असतो. त्याची अर्थिंगची वायर तुटली असेल, तर स्विच बंद असूनही इंजिन फट्‌कन सुरू होऊ शकतं. प्रोपेलर नेहमी जिवंत आहे असंच समजा. जाणकार माणूस सोबत नसेल तर हात लावूच नका.

तर माझ्या मित्राला मी फोटोच्या बदल्यात चार गोष्टी मागितल्या: इंजिनची पाटी, प्रोपेलरचा मॉडेल नंबर, लॉगबुकची पानं आणि स्पिनरचा पार्ट नंबर. या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या की मग किमतीचं बोलायचं. तोवर त्याने पाकीट खिशातच ठेवलेलं बरं.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा. भेटूया पुढच्या भागात!