लाल दिवा का विझतो?

जुन्या पिकअपची चावी फिरवली की मीटरमध्ये बॅटरीचं चिन्ह असलेला लाल दिवा लागतो. सेल्फ मारून इंजिन सुरू झालं की तो विझतो. रोजचंच, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण या दिव्याला विझवणारं बटण कुठेच नसतं. तो विझतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येऊन ठेपतात.

चावी फिरवल्यावर बॅटरीतून निघालेला थोडासा करंट या दिव्यातून जातो, कार्बन ब्रशवरून अल्टरनेटरच्या रोटरमध्ये शिरतो आणि शेवटी बॉडीला मिळतो. तेवढ्याने रोटर किंचित चुंबक बनतो. इंजिन सुरू झालं की बेल्ट त्याला गरगर फिरवतो. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं होतं. इथे तर तयार झालेल्या विजेतला काही भाग पुन्हा रोटरलाच मिळतो. चुंबक आणखी जोरदार होतो, वीज आणखी वाढते. क्षणात दिव्याच्या एका टोकाला बॅटरीकडचे १४ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचेही १४. फरकच उरला नाही, तर करंट वाहणार कसा?

म्हणजे हा दिवा नुसता इशारा देत नाही, अल्टरनेटरला जागंही तोच करतो. कित्येक जुन्या गाड्यांत हा चिमुकला बल्ब उडाला की चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावर कुठे सुरू होतं. म्हणून चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर डायनामो (गॅरेजात अल्टरनेटरला हेच म्हणतात) उतरवण्याआधी बल्ब, त्याची वायर आणि कार्बन ब्रश बघावेत. गाडी चालू असताना दिवा मिणमिणत राहिला, तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असण्याची शक्यता असते.

मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी गाडी पळत राहते. लाल दिव्याचा बल्ब उडालेला असला किंवा त्याकडे लक्ष नसलं, तर वणीहून यवतमाळला दिवसा निघालेल्या ड्रायव्हरला काहीच कळत नाही. अंधार पडला की हेडलाइट पिवळे पडतात आणि सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो.

त्यात यवतमाळची हवा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि बॉनेटखाली त्याहून बरीच जास्त भट्टी असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. प्लेटांच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. पण गरम बॅटरी जोर चांगला देते, म्हणून दुखणं झाकलेलं राहतं. डिसेंबरच्या थंड पहाटे इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर ओसरतो आणि कापसाने भरलेली गाडी जिनिंगला न्यायच्या वेळीच नेमकी अडते. बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात.

मग खरा दोषी कोण, हे साध्या मल्टिमीटरवर कळतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर भरलेली बॅटरीही कमजोर समजावी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. तिथे १२.५ वरच काटा अडला, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. अल्टरनेटरच काही देत नाहीये. आणि पंधराच्या वर गेला, तर व्होल्ट आवरणारा कटआउट (रेग्युलेटर) बिघडलाय, बॅटरीचं पाणी उडणार.

तिन्ही आकडे ठीक, तरी सेल्फ ढिम्म? मग अर्थ तपासायची. गाडीत बल्बपर्यंत वायर जाते, पण परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडच. डिझेलचा सेल्फ सहज २०० अँपियर ओढतो. काळ्या मातीचा चिखल बसून, गंज चढून अर्थच्या पट्टीत ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला, तरी ओहमच्या नियमाने तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर पट्टी सोडून घासा, घट्ट आवळा.

अर्थ गेली की गाडी भुताटकी करते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की पार्किंगचे दिवे लुकलुकतात. बॉडीकडे जायची वाट बंद झाल्यावर करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून अर्थ शोधत असतो, इतकंच.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. अशा गाडीचा बेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते आणि पॅडल दगडासारखं कडक होतं. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनामो चेक’ करायची गॅरेजातली जुनी सवय सोडावी. धक्का सोसणारी बॅटरीच बाजूला झाली की व्होल्ट एकदम उसळतात आणि धडधाकट डायोडही जळतात.

तेव्हा नवी बॅटरी घ्या असं कोणी सुचवलं, तर आधी चार आकडे मागा: उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा, चालू इंजिनचा आणि अर्थचा. व्होल्ट जिथे हरवतात, बिघाड तिथेच असतो; आणि तो पुष्कळदा एका बल्बचा किंवा सैल नटाचा निघतो.