मनगटावरचे घड्याळ आणि ग्राहकाचा हक्क

१९६१ मध्ये बंगळुरूच्या कारखान्यात एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली आणि पुढे कित्येक वर्षे जावयाला किंवा परीक्षेत यशस्वी झालेल्या मुलाला घड्याळ भेट देण्याची पद्धत घराघरांत रुळली. काच फुटली, किल्ली अडकली, तर घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ते दुरुस्त करून देई. वडिलांचे घड्याळ पुढे मुलगा वापरी. आज त्या जागी स्मार्टवॉच आले आहे. ते हृदयाचे ठोके मोजते, पावले मोजते, निरोप दाखवते. पण वीस-तीस हजार रुपयांची ही वस्तू वर्ष-दीड वर्षात बंद पडली, तर ‘वॉरंटी संपली’ एवढ्या उत्तरावर ग्राहकाने गप्प बसावे काय?

लवकर बिघडण्याची कारणे

स्मार्टवॉचची बॅटरी लहान असते, त्यामुळे ती वारंवार चार्ज करावी लागते. रोज चार्ज होणारे घड्याळ दोन वर्षांत सातशेहून अधिक वेळा चार्ज होते आणि लिथियम-आयन बॅटरीची क्षमता प्रत्येक वेळी किंचित घटत जाते. त्यातच पुष्कळ घड्याळांचा पडदा व पाठ डिंकाने घट्ट बसवलेली असते. बॅटरी बदलणे घड्याळजीच्या हातचे राहत नाही.

पाण्याविषयीचा गैरसमजही महागात पडतो. ‘५ एटीएम’ म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्याच्या स्थिर दाबाइतक्या दाबाची चाचणी. पन्नास मीटर खोल बुडी मारण्याची ती परवानगी नव्हे. ‘आयपी६८’ची चाचणी साध्या गोड्या पाण्यात होते. गरम वाफ, साबण, समुद्राचे खारे पाणी यांची हमी त्यातून मिळत नाही. शिवाय आतील रबरी सील काळानुसार सैल होतात.

कायद्याचा आधार

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूच्या गुणवत्तेत, क्षमतेत वा दर्जात कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्यापेक्षा जी उणीव असते, तिला हा कायदा ‘दोष’ म्हणतो. तो करार स्पष्ट असो वा गर्भित. म्हणून वॉरंटीची तारीख उलटली की तक्रारीचा हक्क आपोआप संपतो, ही समजूत बरोबर नाही. घड्याळात मुळातच उत्पादनदोष होता, हे दाखवता आले तर दाद मागता येते. मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर असते. घड्याळ खाली पडून फुटले, अथवा सूचना डावलून वापरले, तर कायदा मदतीला येणार नाही.

बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. ऑनलाइन खरेदीत संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे नियमाने बंधनकारक आहे. जाहिरातीत पोहणारा माणूस दाखवायचा आणि पुस्तिकेत पाण्याची जबाबदारी नाकारायची, असे आढळल्यास ती जाहिरात जपून ठेवावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दाद कशी मागावी

प्रथम विक्रेता व कंपनी या दोघांना लेखी कळवावे. सेवा केंद्रात घड्याळ देताना मिळणाऱ्या जॉब शीटवर दोषाचे नेमके वर्णन लिहून घ्यावे. दुरुस्ती नाकारली तर कारणही लेखी मागावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

येथे अनेकजण कचरतात; ‘वीस हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार?’ असे म्हणतात. पण वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ग्राहक जेथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. ती ऑनलाइनही करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती केली पाहिजे. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवतो. अशा प्रकरणाचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत व्हावा, असे कायद्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागू शकतो, याची तयारी ठेवावी. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे मार्गदर्शन अशा वेळी उपयोगी पडते.

सोन्याची पावती तिजोरीत जपणारे कुटुंब महागड्या उपकरणाचे बिल मात्र खोक्याबरोबर टाकून देते. ते बिल, वॉरंटी कार्ड आणि जॉब शीट एका पाकिटात ठेवण्याची सवय घरातील मुलांनाही लावावी. कागद हाती असलेल्या ग्राहकाला ‘वॉरंटी संपली’ एवढे सांगून परत पाठवणे सोपे जात नाही.