बालाघाटचा मोर

धारूरचे डोंगर बालाघाट रांगेतील. याच रांगेत, पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ मध्ये मयूर अभयारण्य घोषित झाले.

मोराचा पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपटीवर वाढलेली ती लांब पिसे होत. नाचताना मोर ती सेकंदाला सुमारे २५ वेळा थरथरवितो आणि तुऱ्याची पिसेही जवळपास त्याच गतीच्या कंपनांना प्रतिसाद देतात, असे २०१८ मधील संशोधनात आढळले. पावसाळा सरताच पिसारा आपोआप गळतो. पिसांसाठी मोर मारण्याचे कारणच उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी आहे.

तथापि कीटकनाशक लावलेले बियाणे खाऊनही मोर मरतात. पेरणीच्या वेळी असे बियाणे उघड्यावर सांडू नये, एवढी दक्षता शेतकऱ्यांनी घ्यावी व पंचायतींनी ती गावास समजावून द्यावी.