कार्कासॉनची नगरतटबंदी
दक्षिण फ्रान्समधील एक प्रसिद्ध मध्ययुगीन दुहेरी तटबंदी. ओद नदीच्या उजव्या तीरावरील टेकडीवर वसलेल्या जुन्या नगराभोवती ती असून दोन्ही तटांची एकूण लांबी सु. ३ किमी. आहे. बालेकिल्ल्यासह बुरूजांची संख्या ५२ आहे.

आतील तटाचा मूळ भाग रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील आहे. लहान चिरे व विटा यांचे एकाआड एक थर आणि नालाकृती बुरूज यांवरून तो ओळखता येतो. अल्बिजेन्सियन धर्मयुद्धात १२०९ मध्ये हे नगर पडले व पुढे ते फ्रेंच राजसत्तेकडे आले. नवव्या लुईच्या कारकीर्दीत बाहेरचा तट उभारण्यात आला, तिसऱ्या फिलिपने (कार. १२७०–८५) आतील तटाचे नूतनीकरण करून नार्बॉन दरवाजा बांधला. बाहेरचा तट बुटका असल्याने आतील तटावरून त्याच्या पलीकडेही मारा करता येई आणि तो पडला, तरी शत्रू मधल्या मोकळ्या पट्ट्यात उघडा सापडे.

पिरेनीजच्या तहाने (१६५९) स्पेनची सरहद्द दक्षिणेकडे सरकली व तटबंदीचे लष्करी महत्त्व संपले. तटाचे चिरे इतर बांधकामांसाठी जाऊ लागले; दोन तटांमधील पट्ट्यात गरीब विणकरांनी घरे बांधली. १८५० च्या सुमारास तट पाडण्याचा शासनाचा बेत होता; परंतु स्थानिक इतिहासज्ञ झां-प्येर क्रो-मेरव्हिएय आणि ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक व साहित्यिक प्रॉस्पेर मेरीमे यांच्या प्रयत्नांमुळे तो बारगळला.

वास्तुविशारद व्ह्यॉले-ल-द्यूक (१८१४–७९) याने १८५३ पासून अखेरपर्यंत तटबंदीच्या जीर्णोद्धाराचे काम पाहिले. त्याने बुरूजांवर पाटीच्या दगडाची उंच, शंक्वाकार छपरे चढविली. ती उत्तर फ्रान्सच्या धर्तीची असून दक्षिणेतील कौलारू, कमी उताराच्या छपरांशी विसंगत आहेत, अशी टीका झाली. विसाव्या शतकात काही रोमन बुरूजांवर पुन्हा कौले घालण्यात आली. विणकरांची घरे टप्प्याटप्प्याने हटविण्यात आल्याने तट मोकळा झाला. तथापि त्याच्या आश्रयाने वाढलेल्या वस्तीच्या खुणाही त्याबरोबर पुसल्या गेल्या.

जेथे अनुमान सुरू होते, तेथे जीर्णोद्धार थांबावा, हे तत्त्व व्हेनिस सनदेने (१९६४) मान्य केले. या कसोटीवर कार्कासॉनचे काम सदोष ठरते. पण ते झाले नसते, तर तटबंदीचा मोठा भाग आज उरला नसता. यूनेस्कोने १९९७ मध्ये या नगराचा जागतिक वारसा यादीत समावेश करताना मध्ययुगीन बांधणीबरोबरच एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचे महत्त्वही नमूद केले. त्यामुळे व्ह्यॉले-ल-द्यूकची वादग्रस्त छपरे आता स्वतःच जतनाचा विषय झाली आहेत.