टायर काळाच का असतो? रबराला ताकद देणारी ‘काजळी’ काही मिलिसेकंदांत कशी तयार होते?

सायकल असो, रिक्षा असो, एसटी असो की विमान, टायरचा रंग ठरलेला आहे. काळा. गंमत म्हणजे रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो आणि सुरुवातीचे टायरही फिकट रंगाचेच असायचे. मिशेलिन कंपनीचा टायरांच्या चकत्यांचा तो गुबगुबीत माणूस १८९८ मध्ये आला. तो पांढरा का, याचं उत्तर हेच आहे.

मग टायर काळा कशामुळे झाला? ‘कार्बन ब्लॅक’ नावाच्या पावडरीमुळे. कारच्या टायरच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा या पावडरीचा असतो. काळा रंग हा तिचा निव्वळ साइड इफेक्ट. तिचं खरं काम रबराला झिजण्यापासून आणि फाटण्यापासून वाचवण्याचं. १९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनमधल्या एका रबर कारखान्यात हा गुण लक्षात आला आणि पुढच्या काही वर्षांत टायर कंपन्यांनी तो उचलला.

ही पावडर बनवणं म्हणजे रसायनशास्त्राइतकाच वाऱ्याचा खेळ आहे. वायू किती वेगाने वाहतो, त्यात तेलाचा फवारा कुठे आणि किती जोराने शिरतो, यावर टायर किती चालणार हे ठरतं.

म्हणजे ही काजळीच ना?

हो आणि नाही.

कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी पडते. तेल भरपूर आणि हवा अपुरी, त्यामुळे तेलातला सगळा कार्बन जळत नाही, उरलेला बारीक कणांच्या रूपात काचेवर बसतो. घरी काजळ करताना हेच मुद्दाम केलं जातं. दिव्याच्या ज्योतीवर तांब्याचं भांडं पालथं धरायचं आणि जमलेली काजळी खरवडून घ्यायची.

अमेरिकेत कार्बन ब्लॅकचा धंदा बरीच वर्षं असाच चालला, फक्त अवाढव्य प्रमाणावर. नैसर्गिक वायूच्या असंख्य छोट्या ज्योती, त्यांच्यावर लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्यांवरची काजळी खरवडणारी यंत्रं. पण वायूतल्या कार्बनपैकी जेमतेम ५ टक्के हाती लागायचा. बाकीचा टेक्सासच्या आभाळात जायचा. इतकी उधळपट्टी परवडायची, कारण तेव्हा त्या वायूला फारसं गिऱ्हाईकच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाने हे गणित बदललं. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेला कृत्रिम रबराकडे वळावं लागलं. हे रबर एकटं फारच कमजोर असतं. कार्बन ब्लॅक मिसळलं की त्याची ताकद जवळपास दहापट होते. म्हणजे पावडर भरपूर हवी होती आणि तीही ठरलेल्या प्रतीची. १९४३ मध्ये फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने टेक्सासमधल्या बोर्गर इथे वायूऐवजी तेलापासून, बंद भट्टीत कार्बन ब्लॅक बनवायला सुरुवात केली. आज जगातलं बहुतांश कार्बन ब्लॅक याच पद्धतीने बनतं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथेही याचा कारखाना आहे.

भट्टीच्या आत नेमकं काय होतं?

भट्टी म्हटलं की उभं धुराडं आणि खाली जाळ असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ही भट्टी तशी नसते. ती सहसा आडवी असते, आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर लावलेल्या लांब बोगद्यासारखी.

बोगद्याच्या एका टोकाला आधीच तापवलेली हवा आणि इंधन सोडून जाळ केला जातो. इथे हवा मुद्दाम जास्त ठेवतात. तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या वर जातं. हा तप्त वायू पुढे सरकतो आणि बोगदा अचानक अरुंद होतो. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच इथे होतं. त्या अरुंद गळ्यातून वायू सेकंदाला काही शे मीटर वेगाने सुटतो. प्रवासी विमान सेकंदाला साधारण २५० मीटर उडतं, त्यावरून अंदाज करा.

नेमक्या याच ठिकाणी, भिंतीतल्या नोझलमधून तेलाचे फवारे आडवे मारले जातात. हे तेल बहुधा रिफायनरीच्या तळाला उरलेलं जड तेल असतं किंवा दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं. दिसायला काळपट आणि घट्ट, पण कार्बनने खच्चून भरलेलं.

इथे फवाऱ्याचा जोर फार महत्त्वाचा. जोर कमी पडला तर वायूचा लोंढा त्याला भिंतीलगतच दाबून टाकतो आणि प्रवाहाच्या मध्यापर्यंत तेल पोहोचतच नाही. जास्त झाला तर थेंब समोरच्या भिंतीवर आपटतात आणि तिथे कोकचे टणक थर धरतात. हे थर सुटून पावडरीत आले तर रबरात खड्यासारखे राहतात, आणि गुळगुळीत हव्या असलेल्या रबराच्या पट्टीवर पुटकुळ्या दिसतात. म्हणून फवाऱ्याचा दाब, नोझलची संख्या आणि भोकाचा आकार हे सगळं वायूच्या वेगाशी जुळवून ठरवावं लागतं.

सगळं जुळलं की वेगवान वायू तेलाचे थेंब फोडून बारीक करतो, त्यांची वाफ होते. थोडं तेल उरलेल्या ऑक्सिजनमध्ये जळतं. बाकीच्याला जळायला ऑक्सिजनच मिळत नाही. प्रचंड उष्णतेने त्याचे रेणू तुटतात, हायड्रोजन सुटा होतो आणि कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडल्या जाऊन इवले गोळे बनतात. गोळे एकमेकांवर आदळतात, चिकटतात, आणि द्राक्षाच्या घडासारखे पुंजके तयार होतात. हे पुंजके फार लांबलचक, फाटे फुटलेले नको असतील तर तेलात अगदी किंचित पोटॅशियमचा क्षार मिसळतात.

आणि मग एकदम पाणी. बोगद्यात पुढे पाण्याचे फवारे असतात. त्यांनी तापमान झटक्यात उतरतं आणि सगळ्या क्रिया थांबतात. याला कारखान्यात ‘क्वेंच’ म्हणतात. तेल आत शिरल्यापासून इथपर्यंतचा प्रवास टायरच्या बाहेरच्या थरासाठी लागणाऱ्या बारीक पावडरीत अवघ्या काही मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो.

हा फवारा कुठे मारायचा, यावर बरंच काही अवलंबून असतं. लवकर मारला तर काही तेल अर्धवट राहून कणांना चिकटलेलं असतं. ते ओळखण्याची चाचणीही सोपी आहे. पावडर टोल्यूइन या द्रावकात ढवळून गाळायची, द्राव पिवळसर दिसला की तेल राहिलं असं समजायचं. उशिरा मारला तर तप्त वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कणांचा पृष्ठभागच कुरतडायला लागतात. म्हणून बोगद्यावर पाण्याच्या नोझलसाठी एकापुढे एक जागा ठेवलेल्या असतात आणि गरजेप्रमाणे फवारा मागेपुढे करतात.

कण लहान असला तर काय फरक पडतो?

एका ग्रॅमचा. पण तो एक ग्रॅम काय चीज आहे बघा. ‘एन ३३०’ ही कार्बन ब्लॅकची नेहमीच्या वापरातली एक प्रत. तिचे मूळ कण साधारण ३० नॅनोमीटरचे असतात. अशा १ ग्रॅम पावडरीतल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग मोजला तर तो ७८ चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे सुमारे ८४० चौरस फूट. मुंबईतला बऱ्यापैकी टूबीएचके, चिमूटभर पावडरीत.

रबराचे लांबलचक रेणू याच पृष्ठभागाला धरून बसतात. पृष्ठभाग जितका जास्त, तितकी पकड घट्ट. रस्त्याला घासणाऱ्या भागात बारीक कणांची पावडर वापरतात. टायरच्या कडेला आणि आतल्या थरांत जाड कणांची, कारण तिथे लवचीकपणा हवा असतो आणि बारीक कणांमुळे रबर वळताना जास्त तापतं. गळ्यातला वेग आणि तापमान वाढवा, कण बारीक. वेग कमी करा, क्वेंच लांब न्या, कण जाड. एकाच टायरमध्ये वेगवेगळ्या वाऱ्यांत जन्मलेली काजळी असते ती अशी.

१९९० च्या दशकापासून सिलिका नावाची पांढरी पावडरही टायरमध्ये आली. इंधन वाचतं, ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते. तरी टायर काळाच राहिला, कारण कार्बन ब्लॅक पूर्णपणे काढलेलं नाही. शिवाय सिलिकातून वीज वाहत नाही, त्यामुळे गाडीत साठणारी स्थिर वीज जमिनीत उतरायला अडचण येते. त्यावर उपाय म्हणून अनेक टायरमध्ये कार्बन ब्लॅकवाल्या रबराची एक अरुंद पट्टी रस्त्यापर्यंत आणलेली असते.

धुराचं काय?

क्वेंचनंतर वायू मोठमोठ्या कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधून जातो आणि पावडर मागे राहते. ती इतकी हलकी असते की पुढे पाणी घालून तिचे बारीक मणी वळतात आणि वाळवतात. फिल्टरमधून निघालेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो. तो जाळून मणी वाळवायला उष्णता, वाफ आणि वीज मिळवता येते.

पण तेलात गंधक असतं. त्या वायूबरोबर तेही जळतं आणि सल्फर डायऑक्साइड होऊन चिमणीतून बाहेर पडतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये कॅबॉट कंपनीशी लुइझियाना आणि टेक्सासमधल्या तीन कारखान्यांबाबत समझोता करून प्रदूषण रोखणारी यंत्रणा बसवायला लावली. या उद्योगातला तिथला तो पहिला समझोता. भट्टी ऐंशी वर्षांत इतकी सुधारली, चिमणीकडे लक्ष जायला मात्र एवढा वेळ लागला. कण मोजणाऱ्यांनी धूरही मोजायला हवा होता.

हवामान बदलाचा हिशेबही आहेच. आयपीसीसीच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार या भट्टीतून १ टन कार्बन ब्लॅकमागे सुमारे २.६ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

आरोग्याच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवावा. धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंगावर येणारी काजळी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगकारक’ म्हणजे गट १ मध्ये टाकली आहे. कार्बन ब्लॅक ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गट २ब मध्ये आहे. अनियंत्रित काजळीत चिकटलेली तेलकट विषारी रसायनं बरीच जास्त असतात, कार्बन ब्लॅकमध्ये ती खूपच कमी. तरी ही बारीक धूळ श्वासात जाऊ न देणं कारखान्यातल्या कामगारांसाठी गरजेचंच आहे. टायरच्या रबरात ती बांधलेली असते, त्यामुळे टायरला हात लावल्याने घाबरायचं कारण नाही.

जुन्या टायरमधून पुन्हा काढता येत नाही का?

येतं. जुने टायर हवाबंद तापवले की तेल, वायू आणि काळा चुरा मिळतो. पण एका टायरमध्ये अनेक प्रतींचं कार्बन ब्लॅक असतं. ते सगळं एकत्र येतं, आणि सोबत सिलिका व झिंक ऑक्साइडची राखही. भट्टीतल्या वाऱ्याने मिलिसेकंदांत साधलेला नेमकेपणा या चुऱ्यात उरत नाही. त्यामुळे तो सध्या मुख्यतः कमी ताणाच्या रबरी वस्तूंमध्ये किंवा नव्या पावडरीत थोडा मिसळून वापरतात.

दुसरी वाट अमेरिकेतल्या नेब्रास्कात मोनोलिथ कंपनीने धरली आहे. तिथे तेल जाळत नाहीत. विजेच्या प्लाझ्माने नैसर्गिक वायू तापवतात, त्यातून एकीकडे कार्बन ब्लॅक निघतं आणि दुसरीकडे हायड्रोजन. त्या भट्टीतही मुख्य प्रश्न तोच आहे: वायू कुठून सोडायचा, किती वेगाने, आणि कण किती वेळ आत राहू द्यायचा.