पटकथेचा क्लास : भिशीचे पैसे घालावेत का?

सावेडीतली माझी एक मैत्रीण परवा भर दुपारी आली. मोबाइलवर तिनं जाहिरात पाहिली होती : ‘घरबसल्या पटकथा लिहायला शिका.’ फी पंधरा हजार, नोट्सचे तीन हजार वेगळे. नुकतीच भिशी लागलेली. “हे म्हणतात, त्यापेक्षा शिलाई मशीन घे. पण सासूबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, ती गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही गं!”

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. पैसा घरचा, पण ओढ तिची स्वतःची.

आपल्या नगरचंच पाहा ना. (2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तरी तोंडी अजून नगरच!) इथल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात शिकतानाच नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे हेही नगरलाच शिकले. शेतजमीन विकून त्यांनी केलेल्या ‘ख्वाडा’चा 2015 मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव झाला. म्हणजे शिक्षण वाया जात नाही. पण त्यात चुका दाखवणारे शिक्षक असतात, बरोबरीचे सोबती असतात, हातानं करायचं काम असतं. नुसत्या नोट्समधून ते कुठलं मिळायला?

उलट बाजूही आहे. ‘मंथन’च्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विजय तेंडुलकर नाटक आणि वृत्तपत्रांतून घडले. सुमित्रा भावे समाजकार्यातल्या. चित्रपटाचं रीतसर शिक्षण नसताना त्यांनी 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला आणि पुढे कितीतरी चित्रपट लिहिले.

पटकथेची मांडणी तशी सोपी. प्रसंग कुठे घडतो, दिवस की रात्र, हे वर लिहायचं. पडद्यावर दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच खाली. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट. ‘तिला वाईट वाटलं’ असं लिहून भागत नाही. ती ताटावरून उठली, हे दाखवावं लागतं. एवढ्यासाठी हजारो रुपये कशाला?

तेव्हा पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांनी लिहिलेलं काय पडद्यावर आलं? माझं लिखाण कोण वाचणार आणि किती वेळा? मध्येच सोडलं तर फी परत मिळेल का? ‘काम मिळवून देतो’ म्हणत असतील, तर ते लेखी देतील का?

मैत्रिणीनं फोन केला. लिखाण कोणी वाचणार नव्हतं. नुसते ध्वनिचित्रित धडे. तिनं नाही म्हणून सांगितलं. मशीनही घेतलं नाही बरं का! शंभर पानी वही आणली. दुपारची आवराआवर झाली, की सासूबाईंजवळ बसते, विचारते आणि लिहिते. दहा प्रसंग झाले, की लिखाण वाचून चर्चा करणाऱ्या एखाद्या कार्यशाळेची फी भरायची, असं तिनं ठरवलंय. तोवर भिशीचे पैसे पोस्टात.

आणि सासूबाई? “सुकडीची चव लिही गं,” म्हणाल्या. ती कशी दाखवायची, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.