ग्रंथपाल आणि वाचक ह्यांच्या लेखी संवादातील सौजन्य

विचारलेल्या प्रश्नाला अचूक उत्तर पुरविणे अशी ग्रंथालयीन संदर्भसेवेची व्याख्या पुष्कळदा केली जाते. ही व्याख्या चुकीची नसली, तरी अपुरी आहे. प्रश्न विचारणारा वाचक आपणांस अमुक एक गोष्ट ठाऊक नाही अशी कबुलीही त्याबरोबर देत असतो, आणि ती त्याला एका परक्या माणसासमोर द्यावी लागते. ही कबुली ज्या रीतीने स्वीकारली जाते, तीवर पुढील संवादाचे भवितव्य अवलंबून असते. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी टंकलेखन करून चालणाऱ्या संवादात, म्हणजे ज्याला ‘चॅट’ म्हणतात त्यात, मुद्रा, आवाज आणि हातवारे ह्यांपैकी काहीच उपलब्ध नसते. अशा स्थितीत सौजन्याचे कार्य केवळ शब्दांकडून कसे साधले जाते, ह्याचा विचार येथे केला आहे.

१. पूर्वपीठिका

१८७६ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकेतील ग्रंथपालांची परिषद भरली आणि तीतून अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन ह्यांनी त्याच वर्षी आपल्या निबंधात ग्रंथपाल व वाचक ह्यांच्यामधील व्यक्तिगत संबंधांचा विषय मांडला. गिऱ्हाईक काही न घेता परत गेल्यास दुकानदाराला जशी रुखरुख लागते, तशीच ती वाचक उत्तरावाचून परतल्यास ग्रंथपालाला लागली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संदर्भसेवेच्या विचाराचा आरंभ सामान्यतः ह्या निबंधापासून धरतात. ह्यावरून, वाचकाचे आदरपूर्वक स्वागत हा सेवेला मागाहून जोडलेला अलंकार नसून तिच्या मूळ कल्पनेचाच भाग आहे, हे ध्यानात येते.

ह्या आदराची ज्ञानाच्या दृष्टीने आवश्यकता काय, हे रॉबर्ट टेलर ह्यांच्या १९६८ सालच्या विवेचनावरून स्पष्ट होते. टेलर ह्यांनी वाचकाच्या गरजेच्या चार अवस्था कल्पिल्या: शब्दांत न येणारी अस्पष्ट हुरहुर, मनाशी जाणवलेली गरज, सुसूत्रपणे मांडलेला प्रश्न, आणि शेवटी ग्रंथालयाकडून काय मिळू शकेल ह्याचा अंदाज बांधून मुरड घातलेला प्रश्न. ग्रंथपालाच्या कानी पडतो तो हा शेवटचा. समजा, एखाद्या बाईंनी अमेरिकन यादवी युद्धावरील ग्रंथ मागितले. त्यांना वस्तुतः आपल्या पणजोबांचे नाव कोणत्या पलटणीच्या नोंदीत सापडेल एवढेच हवे असू शकेल. मागितले ते देऊन ग्रंथपाल थांबला, तर उत्तर बरोबर ठरूनही त्यांचे काम होणार नाही. मूळ गरजेपर्यंत पोचण्यासाठी उलट प्रश्न विचारावे लागतात, आणि उलट प्रश्न हे नाजूक प्रकरण असते.

२. मान आणि भीड

नाजूक का, ह्याचे उत्तर समाजशास्त्राने व भाषाशास्त्राने दिले आहे. प्रत्येक व्यक्ती चारचौघांत आपली एक प्रतिमा सांभाळीत असते आणि संवादात दोन्ही पक्ष परस्परांची ही प्रतिमा जपत असतात, असे अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९५५ साली दाखवून दिले. पेनिलोपी ब्राउन व स्टीव्हन लेव्हिन्सन ह्यांनी १९७८ साली प्रथम मांडलेला आणि १९८७ साली स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला सौजन्याचा सिद्धान्त ह्याच कल्पनेवर उभा आहे. त्यासाठी त्यांनी इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि दक्षिण भारतातील तमिळ ह्या भाषांतील सामग्री वापरली. माणसाला आपण इतरांस आवडावे असे वाटते, तसेच आपल्या मार्गात कोणी आडवे येऊ नये असेही वाटते. पहिल्या इच्छेला जपणारे सौजन्य जवळीक दाखविते. दुसरीला जपणारे सौजन्य अंतर राखते.

मराठीत ‘भीड’ हा शब्द ह्या दुसऱ्या इच्छेच्या बराच जवळ जातो. आपल्या विचारण्याने समोरच्याला त्रास होईल, अशी वाचकाला भीड वाटते. खोदून विचारल्यास वाचक दुखावेल, अशी ती ग्रंथपालालाही वाटते. ‘हे कशासाठी हवे?’ हा प्रश्न त्याला चौकशीसारखा भासू शकतो. ‘कोणत्या अंगाने माहिती हवी आहे हे कळल्यास शोध नेमका घेता येईल’ असे म्हटल्यास त्याच प्रश्नाला कारण मिळते आणि वाचकाचा मान राहतो. येथे सौजन्याने साधलेली गोष्ट केवळ गोडवा नव्हे. पुढची माहिती मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला होतो.

३. पडद्यावरील संवाद

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रंथालयांनी चॅटद्वारा संदर्भसेवा देण्यास आरंभ केला. २००२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेस व ओसीएलसी ह्यांनी ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सहकारी सेवा सुरू केली. ह्या माध्यमाचा अभ्यासकांना झालेला एक लाभ असा, की प्रत्येक संवादाची शब्दशः नोंद आपोआप उरते. ग्रंथालयातील मेजापाशी झालेले बोलणे मात्र हवेत विरून जाते.

मेरी रॅडफर्ड ह्यांनी अशाच नोंदींचा अभ्यास करून २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक संदेशात आशयाबरोबर परस्परसंबंधाचीही बाजू असते, ह्या पॉल वाट्स्लाविक व त्यांचे सहकारी ह्यांच्या १९६७ सालच्या सिद्धान्ताचा त्यांनी आधार घेतला. ग्रीन ह्यांच्याच नावाच्या एका पारितोषिकासाठी पुढे आलेले ४४ संवाद आणि मेरीलँड राज्याच्या सेवेतून यदृच्छेने निवडलेले २४५ संवाद त्यांनी तपासले. आदर दाखविणे, जवळीक निर्माण करणे, दृश्य खुणांची उणीव शब्दांनी व चिन्हांनी भरून काढणे, तसेच अभिवादन व निरोप ह्यांचे उपचार पाळणे, ह्या गोष्टी संबंध सुकर करणाऱ्या आढळल्या. यांत्रिक उत्तरे, वाचकाला दटावणे आणि त्याने स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे ह्यांनी संबंधात अडथळा येतो, असेही दिसले. शब्दांवाचून दुसरे साधन नसतानाही परस्परसंबंधाची बाजू लोप पावत नाही, हा ह्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. लिन वेस्टब्रुक ह्यांनी २००७ साली चॅटच्या नोंदींना सौजन्याचा सिद्धान्त लावून पाहिला. त्यांनी भाषेतील औपचारिकतेच्या चढउतारांकडे विशेष लक्ष दिले. संवाद कसा चालला आहे ह्याविषयीचे दोन्ही पक्षांचे मत ह्या चढउतारांतून सूचित होते.

ह्या माध्यमातील सर्वांत मोठी अडचण मौनाची आहे. ग्रंथपाल उठून कपाटाकडे गेला, तर समोर उभ्या असलेल्या वाचकाला ते दिसते. पडद्यावर पाच मिनिटे काहीच उमटले नाही, तर शोध चालू आहे, की ग्रंथपाल दुसऱ्या कामात गुंतला आहे, की संपर्कच तुटला आहे, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. संदर्भसेवेतील वर्तनाविषयी अमेरिकन ग्रंथालय संघाच्या शाखेने १९९६ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००४ साली सुधारण्यात आली, तेव्हा दूरस्थ वाचकासाठी नेत्रसंपर्काच्या जागी ‘शब्दसंपर्क’ राखण्याची कल्पना त्यांत आली. ‘सूची पाहणे चालू आहे, तीनचार मिनिटे लागतील’ एवढे एक वाक्य हे काम करते. शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. घाईत असलेल्या वाचकाला लांबलचक उपचार नकोसे होतात, आणि म्हणून मोजक्या शब्दांत शब्दसंपर्क राखणे हेही सौजन्यच होय. उलटपक्षी, वाचकाची तुटक व संक्षिप्त वाक्ये म्हणजे उद्धटपणा असे ग्रंथपालाने समजू नये. पुष्कळदा ती केवळ माध्यमाची सवय असते.

४. तयार वाक्ये आणि निरोप

वेळ वाचावा म्हणून अभिवादनाची व निरोपाची वाक्ये संगणकात आधीच साठवून ठेवण्याची सोय असते. आरंभी ती उपयोगी पडतात. परंतु ‘उद्या निबंध द्यायचा आहे आणि काहीच सापडत नाही’ असे कळवळून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला साठवलेले वाक्य पाठविले, तर आपले म्हणणे कोणी वाचलेच नाही असे त्याला वाटते. ‘वेळ थोडा आहे खरा, तेव्हा प्रथम हे दोन लेख पाहावेत’ ह्या वाक्यात त्याच्या शब्दांची पोच आहे, आणि ती आधी लिहून ठेवता येत नाही.

निरोपाचे महत्त्व ह्याहून अधिक आहे. कॅथरीन शेल्ड्रिक रॉस व पॅट्रिशिया ड्यूडनी ह्यांनी १९९८ साली संदर्भसंवादाच्या अनिष्ट समाप्तीचा विचार मांडला. वाचकाचे काम झाले की नाही हे न पाहताच संवाद आटोपण्याच्या अनेक युक्त्या त्यांनी दाखविल्या. मोघमपणे दुसरीकडे बोट दाखविणे ही त्यांपैकी एक. चॅटमध्ये एक कळ दाबली की संवाद संपतो. असा वाचक तक्रार करीत नाही. तो निघून जातो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात होते हे त्याला कधीच कळत नाही. ‘हवे होते ते पूर्णपणे मिळाले का?’ हा अखेरचा प्रश्न म्हणूनच उपचारापुरता नाही. ग्रंथपालाच्या हाती असलेली ती शेवटची तपासणी आहे.

५. मराठीच्या दृष्टीने

वरील अभ्यास इंग्रजी संवादांवर आधारलेले आहेत. इंग्रजीत मध्यमपुरुषी सर्वनाम एकच असल्याने आदराचे निदर्शन वाक्यरचनेने करावे लागते. मराठीतून अशी सेवा देणाऱ्याला मात्र पहिल्याच वाक्यात तू, तुम्ही की आपण ह्याचा निर्णय करावा लागतो, आणि समोरच्याचे वय वा लिंग तर ठाऊक नसते. ‘तू शोधतोस’ किंवा ‘तू शोधतेस’ ह्यांत लिंग गृहीत धरावे लागते; ‘तुम्ही शोधत आहात’ ह्यात ते टळते. शाळकरी मुलालाही ‘तुम्ही’ म्हणणे येथे सुरक्षित ठरते.

ग्रंथपालाच्या स्वतःच्या बाबतीतही हा प्रश्न आहे. ‘मी पाहतो’ अथवा ‘मी पाहते’ असे लिहिताच लिहिणाऱ्याचे लिंग उघड होते. ते टाळण्यासाठी ‘पाहिले जाईल’ असा कर्मणी प्रयोग केल्यास कचेरीतील टिपणीचा कोरडेपणा येतो. ‘मी शोधत आहे’, ‘मला एक ग्रंथ सापडला’ ह्या रचनांत दोन्ही दोष टळतात आणि बोलणारा माणूसही वाक्यात राहतो.

‘आपण’ ह्या सर्वनामाचा उपयोग तर विशेष लक्षणीय आहे. ‘आपण हा ग्रंथ पाहावा’ ह्यात आदर आणि अंतर आहे. ‘आपण हा ग्रंथ पाहू’ ह्यात ग्रंथपाल वाचकाच्या शेजारी येऊन बसतो. सौजन्याच्या ज्या दोन दिशा सिद्धान्ताने वेगळ्या केल्या, त्या मराठीत एकाच शब्दात सामावल्या आहेत, आणि क्रियापदाच्या रूपाने त्यांतील हवी ती निवडता येते. आरंभी पहिली रचना आणि वाचकाची भीड चेपल्यावर दुसरी, असा क्रम स्वाभाविक ठरेल. मराठी ग्रंथालयांसाठी तयार वाक्ये रचताना इंग्रजी नमुन्यांचे भाषांतर न करता भाषेच्या ह्या सामर्थ्याचा उपयोग करून घेणे श्रेयस्कर होय.